ढकलून चालू होणारी गाडी
(चिचगड, जि. गोंदिया येथील बैठकीतील भाषण)



आमचा हा मुलूख धानाचा. वर्धा-यवतमाळकडून आलेली तुम्ही मंडळी कापूस-ज्वारीवाली. तुमचा कापूस जिनिंगला जातो, आमचा धान गिरणीला. मध्ये दोघांनाही गाडी लागते. आज बोलायचे आहे ते तिच्याविषयी.

१९४० च्या दशकात महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. मुळात लढाईसाठी काढलेली ही गाडी खेड्यात आली आणि इथलीच झाली. जंगलातल्या रस्त्यांवर माणसे आत, पोरे मागच्या पायरीवर आणि पोती टपावर, अशी ती चालली. 'टेम्पो' हा शब्द तर आपण इतका आपला केला की, ते एका जर्मन कारखान्याचे नाव होते हे कुणाच्या ध्यानातही नाही. १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी निघाली. तिचा तीन चाकी टेम्पो आला, मग आकुर्डीची मॅटाडोर आली. १९८६ मध्ये टाटाची ४०७ आली. भाजीवाला, मंडपवाला, कापूसवाला, सगळ्यांचा धंदा या गाड्यांवर चालला.

या गाड्यांत लाड नव्हते. स्टिअरिंग जड, ब्रेक लागेपर्यंत देवाचे नाव घ्यायचे, उन्हाळ्यात इंजिनाची धग पायाला. धुराचे तर विचारूच नका. ज्यांनी त्या वीस वर्षे चालवल्या त्यांच्या कंबरेला विचारा, ती काही पुन्हा मागणार नाही. तरीही त्यांची आठवण निघाली की म्हातारे ड्रायव्हर खुलतात. कारण साधे आहे. त्या जुन्या डिझेल इंजिनाला वीज लागायची ती मुख्यतः स्टार्टर फिरवायला. बॅटरी बसली तर चार माणसांनी ढकलायचे, दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, की गाडी चालू. डिझेलमध्ये हवा धरली तर ती कशी काढायची हे ड्रायव्हरला यायचे. कमानीचा पाटा तुटला तर भंगारवाल्याकडचा दुसरा बसायचा. गाडी विकत घेतली की तिची विद्याही बरोबर मिळायची, आणि ती गावातच राहायची.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ चे नियम लागले. धूर कमी झाला, ते चांगलेच झाले. पण आता डिझेल किती सोडायचे हे संगणक ठरवतो. धुराड्यातली काजळी अडवायला बहुतेक डिझेल गाड्यांना फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी सलग आणि वेगात धावावी लागते. आपली गाडी धावते शेतातून घरी, घरून बाजारात, चिखलात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर! फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, गाडीचा जोर जातो. गावचा मिस्त्री बॉनेट उघडतो, बघतो आणि पुन्हा लावतो. काही गाड्यांत युरियाचे द्रावणही घालावे लागते. (आपल्या पोत्यातला नीमलेपित युरिया पाण्यात कालवून त्यात ओतू नका. त्याचा युरिया वेगळा असतो.)

आता हिशेब मांडा. वर कापूस भरलेला आणि गाडी रस्त्यात अडली. ती ओढून न्यायचे भाडे, दुसऱ्या गाडीचे भाडे, दोन दिवसांची खोटी. त्यात अवकाळी आला तर भिजलेल्या कापसाची प्रत उतरली. यातला एक पैसा तरी वॉरंटीत बसतो का?

कुणी म्हणेल, हे प्रगतीच्या आड येतात. मुळीच नाही. आमचे भांडण संगणकाशी नाही, त्याला घातलेल्या कुलुपाशी आहे. अमेरिकेत कोलोराडो राज्याने २०२३ मध्ये कायदा केला. शेतीच्या यंत्रांची माहितीपुस्तके, सुटे भाग आणि सॉफ्टवेअर शेतकऱ्याला व बाहेरच्या मिस्त्रीला दिलेच पाहिजे, असा तो कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल काढले. त्यात शेतीची अवजारेही आहेत आणि वाहनेही. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

म्हणून पुढची गाडी घ्यायला जाल तेव्हा हप्ता विचारण्याआधी हे विचारा: बिघाड वाचायचे यंत्र सर्वांत जवळ कुठे आहे? दुरुस्तीचे पुस्तक मिळेल का? फिल्टर बदलायला किती लागतात? उत्तर लेखी मागा. कोड वाचायची साधी यंत्रे बाजारात मिळतात. ती सगळे सांगत नाहीत, पण कोणता सेन्सर गेला एवढे बहुधा कळते. दहा गाडीवाल्यांनी मिळून असे एक यंत्र आपल्या मिस्त्रीच्या हाती द्यावे. वर्गणी किती पडते ते आज जेवणाच्या सुट्टीत बसून ठरवू.