कापूस वेचणारी चाती

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळीच्या सुमारास परभणी जिल्ह्यात कोणत्याही रस्त्याने जा, मानवत-पाथरीकडे जा, सेलूकडे जा किंवा जिंतूरकडे, दोन्ही बाजूंना पांढरी शेते दिसतात आणि शेतमालकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘वेचायला बाया मिळतील का?’ नांगरटीला ट्रॅक्टर आहे, फवारणीला पंप आहे, सोयाबीनला मळणीयंत्र आहे. कापूस मात्र आजही बोटांनीच वेचावा लागतो. मी यंत्र अभियांत्रिकी शिकवणारा माणूस. २०२३ साली चंद्रयान उतरले, त्यानंतर वर्गातल्या एका मुलाने विचारले, ‘सर, चंद्रावर यान उतरते, मग बोंडातला कापूस काढायला यंत्र का नाही?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यायला हवे.

यंत्र आहे. अमेरिकेत ते गेली ऐंशी वर्षे चालते आहे. ऑस्ट्रेलिया, ब्राझील या देशांतला कापूस यंत्रानेच निघतो. तेव्हा प्रश्न यंत्र आहे की नाही हा नाही. ते आपल्या शेतात का चालत नाही, हा आहे. त्याचे अर्धे उत्तर यंत्राच्या रचनेत आहे आणि अर्धे आपल्या पऱ्हाटीत.

आधी हाताचे काम पाहू. वेचणारी बाई झाडाजवळ येते, फुटलेले बोंड नजरेने हेरते, हिरवे सोडून देते, पाचही बोटांनी बोंडातला सगळा कापूस एका ओढीत काढते, किडकी कवडी बाजूला ठेवते आणि ओटीत टाकते. ती पुढच्या बोंडाकडे वळते तेव्हा मागचे झाड होते तसे उभे असते. पंधरा-वीस दिवसांनी त्याच झाडावर दुसरी वेचणी होते, मग तिसरी. निवडणे, धरणे, ओढणे आणि सोडून देणे, अशी ही चार कामे. यंत्राने हीच चार कामे करायची आहेत. ऐकायला सोपे वाटते, पण अमेरिकेत कापूस वेचणीयंत्राचे पहिले पेटंट १८५० साली निघाले आणि बाजारात खपणारे यंत्र यायला १९४० चे दशक उजाडले. मधली नव्वद वर्षे शेकडो लोकांनी डोके चालवले. कुणी कापूस हवेने ओढून पाहिला, कुणी काट्यांनी ओरबाडून पाहिला.

अखेर कामी आली ती चाती. चरख्याची चाती आपल्या परिचयाची आहे, इंग्रजीत तिला स्पिंडल म्हणतात. फिरती चाती फुटलेल्या बोंडात शिरली की कापसाचे तंतू तिच्याभोवती गुंडाळले जातात आणि बोंड रिकामे होते. हिरवे बोंड कठीण आणि गुळगुळीत असते, त्यावर चाती नुसती घसरते. म्हणजे निवडण्याचे काम आपोआप झाले. अँगस कॅम्पबेल यांनी १८९५ च्या सुमारास खाचा असलेल्या चातीचा मार्ग दाखवला. पण खाचेत अडकलेला कापूस सुटेना.

त्यावर टेक्सासच्या जॉन रस्ट यांना १९२७ साली एक युक्ती सुचली. लहानपणी त्यांनी स्वतः कापूस वेचला होता. सकाळच्या दवात कापूस बोटांना चिकटतो आणि आजी चरख्याची चाती ओली करून घेत असे, या दोन गोष्टी त्यांना आठवल्या. त्यांनी एक खिळा ओला करून कापसात फिरवला आणि कापूस त्यावर गुंडाळला गेला. गुळगुळीत, ओल्या चातीचे यंत्र त्यांनी बनवले आणि १९३६ मध्ये मिसिसिपीतील स्टोनव्हिल येथे ते चालवून दाखवले. पुढे इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने खाचांच्या चातीचे यंत्र बाजारात आणले. आजच्या यंत्रात दोन्ही विचार एकत्र दिसतात. चातीला खाचा असतात आणि तिला पाण्याचा ओला हातही फिरतो. गंमत पाहा, आपल्याकडे वेचणी सकाळच्या गारव्यात करा असे सांगतात, कारण तेव्हा वाळलेला पाला चुरा होऊन कापसात मिसळत नाही. यंत्र मात्र दव उडून जाईपर्यंत उभे राहते. त्याला ओल हवी ती फक्त चातीवर, कापूस कोरडाच हवा.

आता खरी मेख. यंत्र ताशी सहा किलोमीटर वेगाने चालले तर मिनिटाला शंभर मीटर अंतर कापते. बोंडात शिरलेली चातीही त्याच वेगाने पुढे गेली तर झाड मोडेल, फांद्या ओरबाडल्या जातील. मग काय करायचे? बैलगाडीचे चाक आठवा. गाडी पुढे जात असते, पण चाकाचा जो बिंदू जमिनीला टेकलेला असतो तो त्या क्षणी जागचा हलत नाही. हलला तर चाक घसरले म्हणायचे. वेचणीयंत्रात चात्या एका उभ्या फिरत्या ढोलावर बसवलेल्या असतात. यंत्र जितक्या वेगाने पुढे जाते, जवळपास तितक्याच वेगाने ढोलाची झाडाकडची बाजू मागे येते. त्यामुळे झाडात असेपर्यंत चाती झाडाच्या दृष्टीने जागच्या जागी उभी असते. ती फिरते फक्त स्वतःभोवती, मिनिटाला दोन ते चार हजार वेळा.

हे जमवायचे म्हणजे गतीचे चोख गणित. ढोलावर बारा ते सोळा उभे पोकळ दांडे असतात आणि प्रत्येक दांड्यावर अठरा-वीस चात्या. एका ओळीसाठी असे दोन ढोल, म्हणजे चारशेच्या वर चात्या झाल्या. प्रत्येक दांड्याच्या पोकळीत एक शाफ्ट फिरतो. त्यावर चातीगणिक एक छोटा बेव्हल गिअर असतो, तिरप्या दात्यांचा, गती काटकोनात वळवणारा. दांड्याच्या डोक्यावरचा रोलर एका वळणदार खोबणीतून, म्हणजे कॅममधून जातो. चाती झाडात सरळ शिरावी आणि सरळ बाहेर यावी म्हणून दांडा किती अंशांतून वळवायचा, हे ती खोबण ठरवते.

इथे विद्यार्थी विचारतात, एवढे गिअर कशाला, पट्टा लावला तर स्वस्तात होणार नाही का? पट्टा घसरतो. पिठाच्या गिरणीत पट्टा थोडा घसरला तर दळण जरा उशिरा होते, बिघडत काही नाही. इथे ढोल थोडा मागे पडला तर झाडाला हिसका बसतो. म्हणून यंत्राची चाल आणि ढोलाची गती एकमेकांना बांधून ठेवावी लागते. ढेकूळ किंवा लाकूड अडकले तर दाते तुटू नयेत यासाठी घसरणारा क्लच ठेवतात. तो वेळ आल्यावरच घसरतो आणि इतर वेळी अजिबात नाही.

उरले सोडून देण्याचे काम. चातीवर गुंडाळलेला कापूस काढायला रबरासारख्या चकत्यांची एक चळत उलट फिरत असते, तिला डॉफर म्हणतात. चाती आणि चकती यांच्यात कागद सरकेल एवढीच फट लागते. फट वाढली तर कापूस चातीवरच राहतो, कमी झाली तर चकती झिजते. त्यानंतर चाती ओल्या गादीखालून जाते, पाल्याचा चिकट रस धुऊन निघतो आणि ती पुन्हा झाडात शिरते. सुटलेला कापूस हवेच्या झोताने वर पेटीत जातो. हे सगळे नीट चालले तर चांगल्या पिकात शंभरातला पंच्याण्णव भाग कापूस यंत्र उचलते.

दुसरे यंत्र याहून साधे आहे, त्याला स्ट्रिपर म्हणतात. ब्रश आणि रबरी पट्ट्या लावलेले दोन रूळ एकमेकांविरुद्ध फिरतात, झाड त्यांच्यामधून जाते आणि बोंडे टरफलांसकट ओरबाडली जातात. गतीचे नाजूक गणित नाही, गिअर थोडे, साखळी-चक्रावर काम भागते आणि तालुक्याच्या गावातला कारागीरही ते दुरुस्त करू शकतो. पण निवड नाही. कच्ची बोंडे, काड्या, टरफले सगळेच येते. एकूण मालात पाव हिस्सा किंवा जास्त कचरा असू शकतो. आपल्याकडच्या बहुतेक जिनिंगमध्ये डबल रोलर जिन आहेत, ते हाताने वेचलेल्या स्वच्छ कापसासाठी उत्तम. असा कचऱ्याचा माल घ्यायचा तर आधी साफ करणाऱ्या यंत्रांची रांग हवी. ती नसेल तर व्यापारी भाव पाडणार हे उघड आहे.

आता पऱ्हाटीकडे वळू. आपला संकरित कापूस चार-पाच फुटांवर लावलेला असतो. झाड पसरते, बुडातून गळफांद्या फुटतात, ओळीत माणूस शिरत नाही. कोळप्याच्या सोयीने ठरलेली ही अंतरे आहेत. एकाच झाडावर खाली फुटलेले बोंड, मध्ये हिरवे आणि शेंड्याला पाते-फूल. हाताला चालते, कारण हात तीनदा-चारदा येतो. चातीचे यंत्र फार तर दोनदा फिरवता येते, स्ट्रिपर एकदाच. त्यामुळे यंत्राला हवे असते बुटके, सरळ, दाटीने वाढलेले झाड, ज्याची बोंडे जमिनीपासून वितभर वर आणि बहुतेक एकाच वेळी फुटतात. शिवाय पाने आधी गाळावी लागतात, त्यासाठी औषधाची फवारणी आली.

आपल्याकडे या दिशेने पावले पडली आहेत. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने ९० बाय १५ सेंटिमीटर अशा सघन लागवडीचा पुरस्कार केला. परभणी जिल्ह्यातील दादा लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत गळफांद्या काढून, शेंडा खुडून झाड आटोपशीर ठेवतात. वेचणीयंत्र डोळ्यांसमोर नसतानाही ही पद्धत यंत्राला हवे तसे झाड घडवते. लवकर संपणाऱ्या पिकाचा आणखी एक फायदा आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने काय केले हे कापूसवाल्यांना सांगायला नको. फरदड न घेता रान वेळेत मोकळे झाले तर अळीची साखळी तुटते. देशी कापसाचे गणित निराळे आहे. परभणीच्या महेबूब बाग कापूस संशोधन केंद्राने लांब धाग्याचे देशी वाण दिले, पण देशी बोंड उलगडून फुटते आणि वेचणी लांबली की कापूस खाली गळतो. यंत्राची वाट पाहणे त्याला परवडत नाही.

दुसरी अडचण रानाच्या तुकड्यांची. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर. शंभर मीटर लांबीच्या तुकड्यात मघाच्या वेगाने चालणारे यंत्र दर मिनिटाला धुऱ्यावर पोचते. तिथे वळायला जागा लागते. कोट्यवधी रुपयांचे सहा ओळींचे यंत्र अशा रानात अर्धा दिवस वळण्यातच घालवेल. परतीच्या पावसानंतरच्या काळ्या मातीत ते रुतेल ते वेगळेच. म्हणून आपल्याला हवे ते ४५-५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर बसणारे, एक-दोन ओळींचे, कमी वजनाचे यंत्र. कापसाचा हंगाम संपला की ट्रॅक्टर मोकळा व्हावा. सुटे भाग जिल्ह्याच्या ठिकाणी मिळावेत. एक बेव्हल गिअर तुटला आणि तो परदेशातून यायला महिना लागला तर हंगाम गेलाच.

मधल्या काळात हातात धरून चालवायची बॅटरीची छोटी यंत्रे आली. अनेकांनी घेतली आणि माळ्यावर टाकली. कारण सरळ आहे. बोंडातून कापूस ओढायला बाईला क्षणभरच लागतो, वेळ जातो तो एका बोंडाकडून दुसऱ्याकडे जाण्यात. तो वेळ हे यंत्र वाचवत नाही. उलट दोन हातांचे काम एका हातावर येते.

आता सर्वांत महत्त्वाचे. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. वेचणी किलोला दहा रुपये धरली तर क्विंटलमागे हजार रुपये झाले. साडेसात रुपयांतला एक रुपया वेचणीला गेला, म्हणून शेतकरी कुरकुरतो आणि ते खरे आहे. पण तीच दुसऱ्या बाजूने पाहा. दिवसभर वाकून पंचवीस किलो वेचणाऱ्या बाईच्या हाती अडीचशे रुपये पडतात. माझी आई वेचणीला जात असे. टरफलाच्या टोकांनी फाटलेली तिची बोटे हिवाळाभर बरी होत नसत. त्याच पैशांतून आमच्या वह्या-पुस्तकांची सोय होई. त्यामुळे ‘यंत्र आले की मजूर नको’ असे कुणी उत्साहाने बोलू लागले की मी गप्प होतो.

जॉन रस्ट यांनाही ही चिंता होती. आपल्या यंत्राने लाखो मजूर उघड्यावर पडतील हे ओळखून त्यांनी मजुरांच्या हिताच्या अटी घालूनच यंत्र देण्याचा विचार केला होता. तो टिकला नाही. १९६० चे दशक संपता संपता अमेरिकेतला जवळपास सगळा कापूस यंत्राने निघू लागला आणि दक्षिणेकडच्या मजुरांची गावेच्या गावे त्याआधीच शहरांकडे निघून गेली होती. काही मजूर गेल्यामुळे यंत्र आले, काही यंत्र आल्यामुळे गेले.

आपल्याकडे अजून वेळ आहे. यंत्र येईल, कारण वेचणीचे कष्ट पुढच्या पिढीतल्या मुलींना नको आहेत आणि ते योग्यच आहे. पण ते कसे येईल, हे ठरवणे आपल्या हातात आहे. वाण, लागवडीचे अंतर, यंत्र आणि जिनिंग या चार गोष्टी एकत्र बसून ठरवाव्या लागतील, एकेकट्या ठरवून उपयोग नाही. यंत्र भाड्याने देणारा गट उभा राहणार असेल तर तो वेचणाऱ्या बायांचा बचत गट का असू नये? बोंड पिकले की नाही, कापूस ओला आहे की कोरडा, हे त्यांच्याइतके कुणाला कळते? चात्यांवर कापूस राहतो आहे, डॉफरची फट वाढली आहे, हे त्यांना आठ दिवसांत शिकवता येईल. आम्हा अभियंत्यांना बोंड ओळखायला मात्र त्याहून जास्त दिवस लागतात.