‘अंतराळ’ हा शब्द वापरू नका!



दि. १९ फेब्रुवारी १९५७. अमेरिकेतील सॅन दिएगो येथील एका परिषदेत हवाई दलाचे मेजर जनरल बर्नार्ड श्रीव्हर बोलत होते. काही दशकांनंतरच्या महत्त्वाच्या लढाया समुद्रावर किंवा आकाशात नव्हे, तर अंतराळात होतील आणि राष्ट्राची सुरक्षितता तेथील वर्चस्वावर अवलंबून राहील, असे त्यांचे प्रतिपादन होते. दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्र्यांच्या कार्यालयातून आदेश आला की, यापुढे कोणत्याही भाषणात ‘अंतराळ’ हा शब्द वापरू नये! त्यानंतर आठ महिनेही लोटले नव्हते, तोच ४ ऑक्टोबरला रशियाचा स्पुटनिक पृथ्वीभोवती फिरू लागला. मग याच अधिकाऱ्याला विचारणा सुरू झाली, तुमचे काम इतके संथ का?

श्रीव्हर जन्माने जर्मन. १९१० मध्ये ब्रेमेन येथे जन्मलेला हा मुलगा १९१७ साली आईबरोबर अमेरिकेत आला. पुढच्याच वर्षी कारखान्यातील अपघातात वडील गेले. टेक्सासमध्ये गोल्फच्या मैदानालगत सँडविच विकून आईने दोन मुलांना वाढविले. ज्या वर्षी हे कुटुंब आले, त्याच वर्षी अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली होती. त्या घरातील मुलाकडे पुढे देशाची अत्यंत गुप्त अशी कामगिरी यावी, हे त्याच्या कर्तृत्वाचे जितके, तितकेच ती सोपविणाऱ्यांच्याही मोठेपणाचे म्हटले पाहिजे.

१९५४ साली कॅलिफोर्नियातील इंगलवूड येथे, एका जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांचे कार्यालय थाटले गेले. आंतरखंडीय क्षेपणास्त्र तयार करणे हे काम. कोणाला सुगावा लागू नये म्हणून अधिकारी गणवेश न घालता साध्या कपड्यांत येत. श्रीव्हरांची कार्यपद्धती धाडसी होती. एक भाग पूर्ण झाल्यावर दुसरा हाती घ्यायचा, ही जुनी रीत सोडून इंजिन, मार्गदर्शन यंत्रणा आणि प्रक्षेपणतळ या सर्वांचे काम एकाच वेळी सुरू झाले. वेळ वाचला खरा, पण अपयश मात्र सर्वांच्या डोळ्यांदेखत येऊ लागले. जानेवारी १९५७ मध्ये पहिले ‘थॉर’ मंचावरून जेमतेम उचलले गेले आणि कोसळून पेटले. एप्रिलमध्ये दुसरे व्यवस्थित उडाले. परंतु नियंत्रण-कक्षातील एका उपकरणाच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. क्षेपणास्त्र समुद्राऐवजी जमिनीकडे वळल्याचे भासले आणि सुरक्षा अधिकाऱ्याने ते हवेतच नष्ट केले! सप्टेंबरमध्ये थॉर यशस्वी झाले.

याच थॉरवर दुसरा टप्पा चढवून उपग्रह सोडले गेले. जगाला ‘डिस्कव्हरर’ हा वैज्ञानिक कार्यक्रम सांगितला जाई; प्रत्यक्षात ती ‘कोरोना’ ही हेरगिरीची योजना होती. उपग्रह शत्रुप्रदेशाची छायाचित्रे घेणार, चित्रफितीची कुपी खाली सोडणार आणि पॅराशूटने उतरणारी ती कुपी विमानाने आकड्यात पकडायची! कॅमेऱ्याची बाजू गुप्तहेर संघटनेकडे, तर अग्निबाण व प्रक्षेपण श्रीव्हरांनी उभ्या केलेल्या संघटनेकडे होते. फेब्रुवारी १९५९ पासून ओळीने बारा प्रयत्न फसले. त्यातच १ मे १९६० रोजी रशियाने यू-२ हे टेहळणी विमान पाडले आणि आकाशातून पाहण्याचा मार्गही बंद झाला. तरीही कार्यक्रम गुंडाळला गेला नाही. ऑगस्टमध्ये तेरावी कुपी समुद्रातून सुखरूप हाती आली. तीत केवळ अमेरिकेचा ध्वज होता. त्यानंतर आठच दिवसांनी चौदावी कुपी पॅसिफिकवर विमानाने अधांतरी झेलली. त्या एका चित्रफितीत रशियाचा जेवढा प्रदेश टिपला गेला, तेवढा यू-२ च्या सर्व उड्डाणांतही टिपला गेला नव्हता. रशियाकडे क्षेपणास्त्रांचे मोठे भांडार असल्याची धास्ती वर्षभरात ओसरली. ती मोजकीच निघाली.

थॉरचाच वंशज असलेल्या ‘डेल्टा’ अग्निबाणाने १९८२ मध्ये भारताचा इन्सॅट-१ए आणि १९९० मध्ये इन्सॅट-१डी अंतराळात नेला, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

श्रीव्हर १९६६ मध्ये चार तारे असलेले जनरल म्हणून निवृत्त झाले. १९९८ मध्ये कोलोरॅडोतील हवाई तळाला त्यांचे नाव देण्यात आले, तेव्हा ते हयात होते. २००५ साली त्यांचे निधन झाले. २०२१ मध्ये त्या तळाच्या नामफलकावरील ‘हवाई दल’ हे शब्द काढून तेथे ‘अंतराळ दल’ असे लिहिले गेले.