दोन दप्तरे, एक हिशेब

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा माझा विषय आहे, दोन निरनिराळ्या पद्धतींच्या डेटाबेसमधील माहिती क्षणोक्षणी एकसारखी कशी ठेवावी. कला शाखेच्या पदवीधराने या विषयात का शिरावे, असे कोणाच्या मनात येईल. शाळांचे दप्तर संगणकावर आले, तेव्हा आम्हा शिक्षकांना हे गरजेपोटी शिकावे लागले. आणि हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही, तो तुमच्या मुलाबाळांचा आहे, हेच मला आज सांगावयाचे आहे.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. बापाने खिडकीवर फी भरली. पावती त्याच्या खिशात आहे. परंतु परीक्षेचे काम पाहणाऱ्या दुसऱ्या संगणकावर मुलाच्या नावापुढे अजून बाकी दिसते आहे. मुलाला रांगेतून बाजूला उभे केले जाते. वर्गमित्र पाहत असतात. यात चूक बापाची नाही, मुलाची नाही आणि खिडकीवरील कारकुनाचीही नाही. दोन दप्तरांची एकमेकांशी गाठ पडली नाही, एवढेच घडले. पण मान खाली गेली ती मुलाची.

आता तुम्ही विचाराल, मुळात दोन दप्तरे ठेवावीतच कशाला? उत्तर सोपे आहे. संस्था एका दिवसात उभी राहत नाही. एक काम एका वर्षी संगणकावर येते, दुसरे पाच वर्षांनी येते, आणि प्रत्येक वेळी त्या कामाला सोयीची वाटली ती पद्धत घेतली जाते. समजा, शाळेच्या फी-खिडकीवर मायएसक्यूएल आहे आणि मुख्य कार्यालयात पोस्टग्रेएसक्यूएल. दोन्ही नामवंत आहेत. पहिली 1995 साली बाहेर आली. दुसरीचे मूळ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत 1986 साली सुरू झालेल्या संशोधनात आहे. माहिती ओळी आणि रकाने यांच्या तक्त्यांत मांडावी, हा दोहोंच्या मुळाशी असलेला विचार एडगर कॉड यांनी 1970 साली मांडला. म्हणजे घराणे एक, पण बोली दोन.

या दोघांचा मेळ घालण्याचे काही उपाय माणसाला चटकन सुचतात. ते का अपुरे पडतात, हे आधी पाहू.

पहिला उपाय, रोज रात्री एकाची नक्कल दुसरीकडे नेणे. ते सोपे आहे, पण सकाळी भरलेली फी कार्यालयाला रात्रीपर्यंत दिसत नाही. दुसरा उपाय, खिडकीवरील प्रोग्रामने दोन्हीकडे एकाच वेळी लिहिणे. परंतु पहिलीकडे लिहून झाले आणि तेवढ्यात तार तुटली, तर? एकीकडे नोंद आहे, दुसरीकडे नाही, आणि हे कोणाला कळतही नाही. दोन्हीकडे तयारी झाल्याशिवाय कोठेच पक्के करावयाचे नाही, अशीही एक रीत आहे. पण तीत मुख्य कार्यालय बंद पडले की शाळेची खिडकीही बंद पडते. तिसरा उपाय, दर मिनिटाला विचारावयाचे, “मागील वेळेपासून काय बदलले?” यात पुसून टाकलेली ओळ दिसत नाही, कारण जी ओळ उरलीच नाही ती उत्तर कशी देणार? शिवाय एका मिनिटात दोनदा बदल झाला, तर मधला बदल हरवतो.

मग खरा मार्ग कोणता? तो आपल्या वाडवडिलांच्या दुकानात आहे. जुना दुकानदार दोन वह्या ठेवीत असे, कीर्द आणि खतावणी. जे घडले ते घडले त्या क्रमाने कीर्दीत उतरे. कोणाच्या नावे किती हे खतावणीत पाहावे. खतावणी जळाली, तरी कीर्द शाबूत असेल तर ती पुन्हा उभी करता येई. डेटाबेसमध्येही नेमके हेच असते. आपल्याला दिसणारे तक्ते ही खतावणी. त्यांच्यामागे प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद ठेवणारी एक कीर्द चालू असते. मायएसक्यूएलमध्ये तिला बिनलॉग म्हणतात.

तेव्हा युक्ती अशी : दुसऱ्या दप्तराकडे खतावणी पाठवू नका, कीर्द पाठवा. ती वाचून तो आपल्या खतावणीत खतवून घेईल. खिडकीवरील कामाला धक्का लागत नाही, पुसलेली ओळही सुटत नाही, आणि क्रमही बिघडत नाही.

हे प्रत्यक्षात कसे उभे करतात, ते क्रमाने सांगतो. विद्यार्थ्यांनी टिपून घ्यावे.

प्रथम मायएसक्यूएलची कीर्द चालू आहे ना, हे पाहावे. आवृत्ती 8.0 पासून ती मुळातच चालू असते. नोंद ओळवार असावी, म्हणजे कोणती आज्ञा दिली एवढेच न लिहिता कोणती ओळ कशी होती आणि कशी झाली, हे पूर्ण लिहिले जावे. सर्व्हरला स्वतःचा वेगळा क्रमांक असावा. त्या आवृत्तीत जुनी कीर्द 30 दिवसांनी आपोआप पुसली जाते, हेही ध्यानात ठेवावे. वाचणारा त्याहून अधिक काळ बंद राहिला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

नंतर कीर्द वाचणाऱ्यासाठी वेगळे खाते उघडावे. त्याला तक्ते वाचण्याचा आणि कीर्दीची नक्कल घेण्याचा अधिकार द्यावा, लिहिण्याचा देऊ नये. जो केवळ वाचावयास आला आहे, त्याच्या हाती लेखणी कशाला?

वाचण्याचे काम डेबेझियम नावाचे मुक्त सॉफ्टवेअर करते. ते पहिल्या दिवशी कीर्द कोणत्या ठिकाणी आहे याची खूण करून ठेवते, मग सर्व तक्त्यांची एक संपूर्ण नक्कल घेते, आणि त्यानंतर त्या खुणेपासून पुढे वाचत राहते. ही खूण फार महत्त्वाची आहे. तीच नसेल, तर नक्कल चालू असताना भरलेली फी कोणाच्याच हिशेबात येणार नाही.

वाचलेल्या नोंदी ते काफ्काकडे देते. काफ्का ही लिंक्डइन कंपनीत तयार झालेली आणि 2011 साली सर्वांसाठी खुली केलेली व्यवस्था. तिला टपाल कचेरी समजा. मुख्य कार्यालय तासभर बंद पडले, तरी नोंदी तेथे थांबून राहतात आणि कार्यालय उघडले की क्रमाने पोहोचतात. खिडकीला त्याचा पत्ताही लागत नाही. एका विद्यार्थ्याच्या ओळीचे सर्व बदल एकाच रांगेत जातात, म्हणून त्यांचा क्रम टिकतो. बाकी 2000 वरून 1500 आणि 1500 वरून 1200 झाली असेल, आणि नोंदी उलट्या पोहोचल्या, तर शेवटी 1500 उरतील. तीनशे रुपये कोणी खाल्ले, असा प्रश्न पडेल. खाल्ले कोणीच नाहीत, क्रमाने खाल्ले!

शेवटच्या टोकाला पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये लिहावयाचे. येथे एक खबरदारी आहे. वाटेत काही तुटले, तर तीच नोंद दुसऱ्यांदा येऊ शकते. म्हणून “जमेत 500 मिळवा” असे लिहिण्याची रीत ठेवू नये. “या क्रमांकाच्या पावतीची रक्कम 500” असे लिहावे. मग तीच नोंद दहादा आली, तरी उत्तर बदलत नाही. ओळ नसेल तर घाला, असेल तर बदला, ही सोय पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये 2016 साली आलेल्या 9.5 या आवृत्तीपासून आहे.

एवढ्याने रस्ता तयार झाला. परंतु मी म्हटले, बोली दोन आहेत. मायएसक्यूएलच्या जुन्या तक्त्यांत तारीख ठाऊक नसली, तर पुष्कळदा सगळी शून्ये लिहिलेली आढळतात. पोस्टग्रेएसक्यूएल अशी तारीख घेत नाही. तेथे रिकामी जागा ठेवावी लागते. ‘होय-नाही’चा रकाना पहिलीकडे 1 आणि 0 असा लहान अंक असतो, दुसरीकडे त्यासाठी स्वतंत्र प्रकार आहे. नेहमीच्या मांडणीत मायएसक्यूएल रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे शोधताना एकच मानते, पोस्टग्रेएसक्यूएल ती वेगळी मानते. खिडकीवर जे नाव सापडते, ते कार्यालयात सापडत नाही, याचे कारण कधी कधी एवढेच असते.

वेळेचे तर विशेष जपावे. खिडकीवरची वेळ भारतीय आहे, आणि वाटेत कोणी ती जागतिक प्रमाणवेळ समजून पुन्हा साडेपाच तास पुढे नेली, तर 31 मार्चला रात्री 8 वाजता फाडलेली पावती 1 एप्रिलच्या पहाटे 1.30 ला जाऊन बसते. वर्षच बदलले! पैशाचा रकाना दशांशात अचूक ठेवणाऱ्या प्रकाराचा असावा, अंदाजी अपूर्णांकाचा नसावा, हेही तितकेच खरे.

आणि सर्व जुळवून झाले, तरी रुजुवात सोडू नये. दप्तर, हिशेब, रुजुवात हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठी कारभारात मुरले. त्या शब्दांबरोबर आलेली शिस्तही मुरावी. रोज दोन्हीकडच्या ओळी मोजाव्यात, रकमांची बेरीज ताडून पाहावी. नोंद पोहोचण्यास किती वेळ लागतो, यावर नजर ठेवावी. ‘क्षणोक्षणी’ म्हणजे शून्य वेळ नव्हे, काही सेकंद. ते सेकंद मिनिटांवर जाऊ लागले, की कोठेतरी अडले आहे, हे ओळखावे.

आणखी एक नियम यंत्राचा नाही, माणसांचा आहे. प्रत्येक माहितीचा धनी एकच असावा. नाव व जन्मतारीख यांचा धनी शाळेचे रजिस्टर, सवलतीच्या मंजुरीचे धनी मुख्य कार्यालय. दोघांनीही तीच गोष्ट बदलावयाची मुभा घेतली, तर खरे कोणाचे, हे संगणक ठरवू शकत नाही. फिरून आलेला आपलाच बदल नवा समजून तो परत पाठवू लागला, तर गोल फेऱ्या मारणाऱ्या घाण्याच्या बैलासारखी गत होते.

पालकहो, आता खास तुमच्यासाठी. ही सर्व व्यवस्था माहिती वाहून नेते, तिचा खरेखोटेपणा जाणत नाही. नळ कितीही चांगला बसवला, तरी विहिरीत जे आहे तेच घरात येणार. प्रवेशाच्या दिवशी मुलीचे नाव चुकीचे लिहिले गेले, तर पूर्वी ती चूक एका वहीत राहत असे. आज ती काही सेकंदांत दुसऱ्या दप्तरातही जाऊन बसते. ‘शेख’ हे एक आडनाव रोमन अक्षरांत किती प्रकारांनी लिहिले जाते, ते आपल्याच मोहल्ल्यात पाहा. एका भावाचे एक, दुसऱ्याचे दुसरे, बापाचे तिसरे. आपल्याला माणूस एकच दिसतो, यंत्राला मात्र तिघे दिसतात. शिष्यवृत्तीचा अर्ज एका नावाने, बँकेचे खाते दुसऱ्या नावाने, आणि मग हेलपाटे. एका हुशार मुलीचे अर्धे वर्ष अशा हेलपाट्यांत गेलेले मी पाहिले आहे. तेव्हा घरात बसून एकदाच स्पेलिंग ठरवा, कागदावर लिहून ठेवा, प्रत्येक अर्जावर तेच लिहा. छापून आलेला दाखला खिडकीवरच वाचून घ्या. वाचता येत नसेल, तर मुलाकडून वाचून घ्या. त्यात लाज नाही. दुरुस्ती नेहमी मूळ रजिस्टरात करून घ्या. दुसऱ्या दप्तरात केलेली दुरुस्ती पुढच्या बदलाबरोबर पुसली जाऊ शकते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगतो. मी सांगितलेले मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल, काफ्का, डेबेझियम हे चारही विनामूल्य मिळतात आणि साध्या संगणकावर बसवून शिकता येतात. आधी एसक्यूएल शिका. मग दोन तक्ते करा, एकात लिहा, दुसऱ्यात पोहोचवा, मध्येच वायर काढा आणि काय हरवते ते पाहा. हरवलेले शोधता शोधता जे कळेल, ते कोणत्याही वर्गात कळणार नाही. कला शाखेच्या मुलांनी आणि विशेषतः मुलींनी हे आपले नव्हे असे समजू नये. यात गणिताइतकीच नीटनेटकेपणाची गरज आहे.

दप्तर सांभाळणाऱ्याच्या हाती माणसाची अब्रू असते. उद्या ते दप्तर तुमच्या हाती येईल. त्या दिवशी खिडकीपुढे उभ्या असलेल्या मुलाची पावती खरी असेल, तर त्याला रांगेतून बाजूला व्हावे लागू नये, एवढी व्यवस्था तुम्ही उभी करावी, अशी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.