कागदाची जात ठरविणार कोण?



सीमाभागातील मराठी दैनिकाची गळचेपी केवळ नोटिसांनी होते असे नव्हे. कागदाच्या भावानेही होते. म्हणून आज जकात खात्यातील एका रुक्ष वादाकडे आपले लक्ष वेधतो.

परदेशी कागद ‘वृत्तपत्री’ ठरावयाचा, तर निदान 50 टक्के तंतू यांत्रिक लगद्याचे हवेत, वजन चौरस मीटरला 40 ते 65 ग्रॅम हवे आणि पृष्ठ पुरेसे खरखरीत हवे. नमुना प्रयोगशाळेत जातो. हर्झबर्गचे द्रावण टाकले की यांत्रिक तंतू पिवळे दिसतात, रासायनिक निळे. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची गणती होते. ताज्या लाकडाच्या कागदाचा प्रश्न नाही. पण रद्दीच्या कागदात जुनी वर्तमानपत्रे आणि कचेऱ्यांतील पांढरी पाने एकत्र शिजलेली! एका रिळाचा तुकडा 53 सांगेल, दुसऱ्याचा 48. आणि तेवढ्याने त्याची जात बदलेल. आपली ओळख दुसऱ्याने ठरवावी, हा अनुभव आपणांस 1956 पासून आहेच.

1981 साली वृत्तपत्री कागदावर 15 टक्के जकात बसली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1984 साली न्यायालयाने सरकारला फेरविचार करावयास लावले. 2019 मध्ये पुन्हा 10 टक्के आली, 2020 मध्ये ती 5 वर उतरली.

जकात घ्यावयाची तर घ्या. पण नमुने अनेक रिळांतून काढा, आणि अहवालात गणतीची रीत व संभाव्य चूक लिहा. फेरतपासणी होईतो बंदरातले भाडे चढत राहते. मोठी वृत्तपत्रे ते सोसतात. व्यापाऱ्याकडून चार रिळे घेणाऱ्या छापखान्याला तो अहवाल दिसतसुद्धा नाही, दिसतो तो वाढलेला भाव.