फसलेल्या घटांचीही नोंद हवी



छपरांवर दिसतात ती सोलर पॅनेल बहुतेक सिलिकॉनची. पण कार्बनी रेणूंपासूनही सौरघट बनतो, आणि यातले बरेच पदार्थ विरघळवून प्लास्टिकच्या फिल्मवर शाईसारखे छापता येतात. १९८६ साली कोडॅकमधल्या चिंग टँग यांच्या दोन थरांच्या घटाची कार्यक्षमता जेमतेम १ टक्का होती. आज प्रयोगशाळेत ती १९ टक्क्यांपुढे गेली आहे.

खरी अडचण आहे ती रेणू निवडण्याची. बाजूची साखळी जरा लांबवली, एखादा अणुगट बदलला, की झाला नवा रेणू. हार्वर्डमध्ये अ‍ॅलन अस्पुरू-गुझिक यांच्या गटाने जगभरच्या लोकांच्या घरी रिकामे पडलेले संगणक कामाला लावून सुमारे २३ लाख रेणूंचा हिशेब मांडला आणि २०१३मध्ये तो सर्वांना खुला केला. मोठंच काम! पण हा हिशेब सुट्या रेणूचा. घटात प्रकाश शोषल्यावर जागी झालेली ऊर्जा साधारण १० नॅनोमीटर सरकते. तेवढ्यात तिला दोन पदार्थांची सीमा गाठता आली नाही, तर ती वाया जाते. ती सीमा किती जवळ असेल, हे फिल्म कशी वाळली यावर ठरतं.

म्हणून ओसाका विद्यापीठात अकिनोरी साएकी आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष प्रयोगांकडे मोर्चा वळवला. सुमारे ५०० शोधनिबंध चाळून त्यांनी १२०० पॉलिमरांची माहिती हाताने गोळा केली आणि ती संगणकाला शिकवली. त्याच्या अंदाजाच्या आधारे एक नवा पॉलिमर बनवलाही. २०१८ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: घट अपेक्षेपेक्षा बराच कमी भरला. तो आकडा त्यांनी लपवला नाही, याचं मला फार मोल वाटतं.

कारण शोधनिबंधांत छापलं जातं ते बहुतेक जमलेलं. केवळ उत्तीर्णांच्या उत्तरपत्रिका वाचून मुलं कुठे अडतात हे शिक्षकाला कसं कळणार? संगणकाचंही तसंच होतं. एकाच रेणूचा घट एका द्रावकात चालतो, दुसऱ्यात बसतो. पण हा दुसरा प्रयोग वहीतच राहतो.

माझं मागणं साधं आहे. संशोधनाला पैसा देणाऱ्यांनी फसलेल्या घटांचीही नोंद जमा करायला लावावी: द्रावक कोणता, फिल्म किती जाड, किती तापवली आणि वीज किती कमी मिळाली.