नखाएवढ्या कार्डाचा इतिहास
(शाळेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



विज्ञानावर दोन शब्द बोला, अशी मला आज्ञा झाली आहे. मी इतिहास शिकविणारा माणूस. तेव्हा विज्ञानाच्याही एका वस्तूचा इतिहासच आपल्यापुढे ठेवतो. ती वस्तू आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात किंवा पर्समध्ये या क्षणी असेल. मोबाइलमध्ये किंवा कॅमेऱ्यात बसणारे, फोटो साठविणारे ते लहानसे कार्ड. ते बनविणाऱ्या सॅनडिस्क या कंपनीची ही हकिगत आहे.

आधी त्यातल्या चिपविषयी. फ्लॅश मेमरीचा शोध जपानमधील तोशिबा कंपनीत काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी लावला. १९८४ साली त्यांनी पहिला प्रकार जगापुढे मांडला आणि १९८७ साली ‘नँड’ हा दुसरा. आज कार्डांत वापरतात तो हा दुसरा. साठविलेली माहिती एका झटक्यात पुसली जाते हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण झाली, म्हणून हे नाव. (या शोधाचा योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून मासुओका यांनी २००४ साली आपल्याच जुन्या कंपनीवर दावा लावला. २००६ साली ८ कोटी ७० लाख येन घेऊन तो मिटला. ज्या वस्तूवर अब्जावधींचा व्यापार उभा राहिला तिच्या जनकाला एवढेच, हे मला तरी पटत नाही.)

आता तिचे काम कसे चालते ते पाहा. चिपमध्ये कोट्यवधी सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याभोवती वीज जाऊ न देणाऱ्या पदार्थाची अतिशय पातळ भिंत असते. जोराचा विद्युतदाब दिला की इलेक्ट्रॉन ती भिंत ओलांडून आत जातात आणि दाब काढला की आतच अडकून राहतात. म्हणून मोबाइल बंद केला तरी फोटो पुसला जात नाही. परंतु लिहिण्या-पुसण्याच्या प्रत्येक खेपेला भिंत थोडी झिजते. काही कप्पे तर कारखान्यातूनच सदोष निघतात, आणि वर्षानुवर्षे पडून असलेल्या कार्डातले इलेक्ट्रॉन हळूहळू गळूही शकतात. पालकहो, घरातल्या लग्नाचे फोटो किंवा मुलांचे दाखले एकाच कार्डावर ठेवले असतील, तर त्यांची दुसरी प्रत या आठवड्यातच करून ठेवा.

असा झिजणारा माल विश्वासाचा कसा करावयाचा? १९८८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात तीन अभियंत्यांनी हाच प्रश्न हाती घेऊन कंपनी काढली. इस्राएलमध्ये जन्मलेले एली हरारी, जॅक युआन आणि आपल्या कानपूरचे संजय मेहरोत्रा. मेहरोत्रा पिलानीला शिकत असताना त्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण दिल्लीतील अमेरिकन दूतावासाने तीन वेळा व्हिसा नाकारला. अखेर वडील स्वतः अधिकाऱ्यापुढे उभे राहिले, वाद घातला आणि व्हिसा मिळविला. ही गोष्ट मेहरोत्रा यांनी स्वतः सांगितलेली आहे.

या तिघांची कल्पना मला शिक्षक म्हणून फार जवळची वाटते. एकही कप्पा सदोष नसलेली चिप घडविण्याच्या मागे ते लागले नाहीत. काही कप्पे बिघडणारच हे त्यांनी आधीच धरून चालले, आणि साठवणुकीच्या चिपला देखरेख करणाऱ्या नियंत्रक चिपची जोड दिली. ही नियंत्रक चिप जणू वर्गाचा हजेरीपट सांभाळते. कोणता कप्पा दुबळा आहे याची नोंद ठेवते, त्याच्या जागी दुसरा बसविते, एकाच कप्प्यावर सारा भार पडू नये म्हणून कामाची पाळी लावते आणि वाचताना झालेली चूक दुरुस्त करते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र कार्ड निर्दोष दिसते.

१९९१ साली त्यांनी आयबीएम कंपनीला २० मेगाबाइटची साठवण-पेटी विकली. किंमत सुमारे १००० डॉलर! आजच्या मोबाइलचे पाच-सहा फोटो त्यात मावले असते. १९९४ साली कॅमेऱ्यांसाठी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आले. कंपनीचे मूळ नाव सनडिस्क होते. सन मायक्रोसिस्टिम्सशी घोटाळा होऊ नये म्हणून १९९५ साली ते सॅनडिस्क झाले, आणि त्याच वर्षी समभाग बाजारात आले. पुढे १९९९ साली मात्सुशिता व तोशिबा यांच्यासह त्यांनी एसडी कार्ड जाहीर केले. सुरुवातीला चिप घडविण्याचा स्वतःचा कारखाना नसलेली ही कंपनी नंतर तोशिबाच्या भागीदारीत जपानमधील योक्काइची येथे चिप बनवू लागली. २०१९ साली तिने १ टेराबाइटचे नखाएवढे कार्ड जाहीर केले. त्या पहिल्या पेटीच्या ५० हजार पट!

पण या धंद्यात भाव पडू लागले की धरबंद राहत नाही. २००८ साली फ्लॅश मेमरीचे दर कोसळले, कंपनीला जबर तोटा झाला. त्याच वेळी कोरियाच्या सॅमसंगने ५८५ कोटी डॉलरना ती विकत मागितली. संचालकांनी किंमत कमी म्हणून नकार दिला. ते धाडस होते की हट्ट, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला असता तर नवल नाही. २०१५ साली वेस्टर्न डिजिटलशी सौदा ठरला तो सुमारे १९०० कोटी डॉलरचा, आणि मे २०१६ मध्ये कंपनी त्यांची झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पुन्हा स्वतंत्र झाली.

मेहरोत्रा २०११ सालापासून या कंपनीचे प्रमुख होते. विक्रीनंतर ते बाहेर पडले आणि २०१७ साली मायक्रॉन या दुसऱ्या मोठ्या मेमरी कंपनीचे प्रमुख झाले. याच मायक्रॉनने जून २०२३ मध्ये गुजरातेत साणंद येथे कारखाना काढण्याचे जाहीर केले. आपल्या शाळेतली जी मुले-मुली आयटीआय, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगचा विचार करीत आहेत त्यांनी हे नाव लिहून घ्यावे. तेथे चिप मुळापासून घडविण्याचे काम नाही. घडलेल्या चिपची जोडणी आणि तपासणी, म्हणजे सदोष कोणती आणि चालणारी कोणती हे निवडून काढण्याचे काम आहे.