टेबलाभोवतीची माणसं



शारीरिक शिक्षणाच्या पदवीधरांपुढे अमरावतीत उभं राहिलं की मल्लखांब, कुस्ती, कबड्डीवर बोलावं अशी रीत आहे. मी आज पूल या टेबलावर क्यूच्या काठीनं खेळायच्या खेळाबद्दल बोलणार आहे. हा खेळ वऱ्हाडात रुजावा, त्यावर इथल्या मुलामुलींनी पोट भरावं, असं मला मनापासून वाटतं. आणि ते काम खेळाडूंच्या आधी तुमचं आहे.

क्यूचे खेळ आपल्याला परके नाहीत. १८७५ साली जबलपूरला लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये स्नूकरचा जन्म झाला. तेच जबलपूर आणि आपलं वऱ्हाड पुढे कितीतरी वर्षं एकाच प्रांतात होती. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. कोणत्याही खेळात जगज्जेता झालेले ते पहिले भारतीय. त्यांच्यामागून मुंबईचे मायकेल फरेरा, ओम अगरवाल आले. एवढे विजेते होऊनही हे खेळ मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोटपर्यंत का पोचले नाहीत? बारा फुटांचं महागडं टेबल जिमखान्यात, आणि जिमखान्याचं दार सभासदांसाठी. महाराष्ट्राला विजेते मिळाले, प्रेक्षक मिळाले नाहीत.

पूलचं टेबल नऊ फुटी. क्यू मागे खेचायला जागा धरली, तरी साधारण अठरा फूट बाय चौदा फुटांच्या खोलीत ते मावतं. बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात अशी कितीतरी टेबलं लागतील. नाइन-बॉल या पूलच्या प्रकारातला डाव काही मिनिटांत संपतो. भारतीय बिलियर्ड्स आणि स्नूकर महासंघ पूलच्याही राष्ट्रीय स्पर्धा घेतो. म्हणजे वाट आहे. अडचण आहे ती उंबरठ्यावर.

कारण आपल्या घरातला पहिला प्रश्न असतो, "पोट्टं तिथं काय करून रायलं?" या प्रश्नावर चिडू नका. अंधारी खोली, सिगारेटचा धूर, टेबलावर लावलेले पैसे हे आईवडिलांनी पाहिलेलं असतं. त्यांचं मन भाषणानं वळणार नाही. हॉलला काचेचं दार हवं, भरपूर उजेड हवा, भिंतीवर दर आणि नियम ठळक लिहिलेले हवेत, पैजेवर सक्त बंदी हवी आणि खोलीत शिकलेला प्रशिक्षक हवा. मुलींसाठी राखीव वेळ हवी, शिकवायला बाई हव्यात. ज्या हॉलमध्ये आई आपल्या मुलीला निर्धास्त सोडते, त्या हॉलला जाहिरात लागत नाही.

फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस काकांच्या पूल हॉलमध्ये वाढला, लहानपणी रात्री टेबलावरच झोपायचा. १९९९ साली कार्डिफला तो नाइन-बॉलचा जगज्जेता झाला. त्याच्या देशात पूल गल्लीतला खेळ आहे, म्हणून त्याचा विजय गल्लीला आपला वाटला.

आपल्या गल्लीत काय आहे? कॅरम. गणपतीच्या मांडवात, कट्ट्यावर, पावसाळ्यातल्या ओसरीवर. कोन, रिबाउंड, कट हे वऱ्हाडातल्या दहा वर्षांच्या पोरालाही कळतं. त्याला एकच फरक समजावून सांगावा लागेल. कॅरममध्ये दर खेपेला स्ट्रायकर हातात परत येतो, हवा तिथे रेषेवर ठेवता येतो. पूलमध्ये पांढरा चेंडू जिथे थांबला तिथूनच पुढचा फटका मारायचा. चेंडू खिशात घालणं हे निम्मं काम. पांढरा कुठे नेऊन थांबवला यात खरी कारागिरी. हे ज्याला दिसत नाही त्याला पूल पाहताना कंटाळाच येणार. म्हणून मराठीत समालोचन हवं, फटक्याआधी "आता पांढरा कुठे जाईल बघा" असं सांगणारं. तुमच्यातल्या ज्यांना बोलण्याची हौस आहे, त्यांनी आजपासून सराव धरावा.

खेळ कसा रुजतो ते कबड्डीकडे बघा. याच गावात १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथे आपले देशी खेळ करून दाखवले, त्यात कबड्डी होती. आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला तो १९९० साली, बीजिंगला. मधली चोपन्न वर्षं काय चाललं होतं? नियम ठरत होते, पंच तयार होत होते, बुवा साळवींसारखी माणसं राज्याराज्यांत खेळ पोचवत होती. २०१४ च्या प्रो कबड्डीचा झगमगाट या पायावर उभा राहिला. बक्षिसाची रक्कम आणि दूरचित्रवाणी आधी आणू, मग खेळ वाढेल, असं ज्यांना वाटतं त्यांना मी हा हिशेब दाखवतो.

कबड्डीत चढाईला तीस सेकंद असतात. पूलच्या मॉस्कोनी चषकात फटक्यालाही तीस सेकंदांचं घड्याळ असतं. हा चषक १९९४ पासून युरोप आणि अमेरिका यांच्यात होतो, आणि पूल हा एकट्या-दुकट्याचा खेळ असूनही तिथे प्रेक्षक आपल्या संघासाठी घसा कोरडा करतात. माझा प्रस्ताव तसाच आहे: अमरावती विरुद्ध अकोला. दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू, त्यांत दोन मुली सक्तीच्या. एक रविवार इथे, पुढचा तिथे. ईर्ष्या आधीपासून आहेच, ती निर्माण करायला पैसे लागणार नाहीत! बडनेऱ्याला गाडीत बसलं की संघ दीड तासाच्या आत अकोल्याला उतरतो, म्हणजे मुक्कामाचा खर्चही नाही. दोन वर्षं हे नीट चाललं तर आपल्या विद्यापीठाच्या पाचही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांचे संघ मागता येतील, आणि तेव्हा प्रायोजकाच्या दारात आपण वेळापत्रक आणि प्रेक्षकांची नोंदवही घेऊन जाऊ.

पहिल्या सामन्याला दोन पंच, एक गुणलेखक, एक समालोचक आणि दारावर पालकांशी बोलणारी एक व्यक्ती लागेल. खेळाडू मी शोधतो. ही पाच नावं मला आज, हा समारंभ संपल्यावर, तुमच्याकडून हवी आहेत.